खळ्यातला मांडव

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

रत्नागिरीकडच्या जुन्या घरात सर्वांत मोठी खोली कोणती, असे कोणी विचारले तर उत्तर माजघर असे नाही, ओटी असेही नाही. सर्वांत मोठी खोली म्हणजे घरापुढचे खळे. तिला भिंती नाहीत आणि छप्परही वर्षातले काही महिनेच असते. पण लग्नमुंज, हळदीकुंकू, पूजा, मुंबईच्या पाहुण्यांची पंगत, यांपैकी काहीही घरात होत नसे. ते होई खळ्यात, मांडवाखाली. उन्हाळ्यात पाहुणे यायचे म्हणजे घर आवरायचे असे आपण आज म्हणतो. तेव्हा घराआधी खळे आवरावे लागे. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या खळ्याविषयी, त्यावरच्या मांडवाविषयी आणि त्या मांडवाखाली कोणाला बसता येई आणि कोणाला येत नसे, त्याविषयी.

खळे ही नुसती मोकळी जागा नव्हे, ती दरवर्षी नव्याने करावी लागते. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने असा पाऊस कोसळतो की जमिनीवर शेवाळ धरते, तांबडी माती वाहून जाते, पागोळ्यांखाली खड्डे पडतात. नवरात्र सरले, भात कापणीला आले की खळे खणायचे, नवी माती आणून टाकायची, पाणी मारायचे आणि लाकडी चोपण्याने ती चोपून चोपून सपाट करायची. चोपण्याचा तो धप् धप् आवाज सगळ्या वाडीत ऐकू येई. त्यावर शेणाचे सारवण. एकदा सारवून भागत नाही, थर बसावे लागतात. भाताची मळणी याच खळ्यावर होई. मळणी झाली, दाणे कणगीत गेले, की शिमग्यानंतर तेच खळे पाहुण्यांसाठी मोकळे होई. म्हणजे शेताचे आणि समारंभाचे अंगण एकच. शहरातल्या दिवाणखान्याला ही दुहेरी नोकरी कधी करावी लागली नाही.

मांडव घालणे हे आणखी वेगळे शास्त्र. चार-सहा मेढी पुरायच्या, त्यांवर पोफळीचे किंवा बांबूचे वासे, वासे बांधायला काथ्याचे सुंभ आणि वर नारळाच्या झापा. झाप म्हणजे झावळी मधोमध चिरून, पाण्यात भिजवून, तिची पाती एकमेकांत गुंफून केलेली चटई. भिजवल्याशिवाय पाती वळत नाहीत, मोडतात. म्हणून चैत्रातल्या हळदीकुंकवासाठी झावळ्या फाल्गुनातच डबक्यात पडलेल्या असत. खिळा एकही लागत नसे. मांडवाची उंची फार ठेवायची नाही, कारण उंच मांडवाखाली तिरपे ऊन शिरते. फार बुटका करायचा नाही, कारण मग वारा कोंडतो. पश्चिमेकडच्या बाजूला एखादी झाप उभी टांगून उतरत्या उन्हाला आडोसा करायचा. समुद्रावरचा वारा दुपारनंतर सुरू होतो, म्हणून खाली थोडी मोकळीक ठेवायची. झापांचा मांडव पत्र्यासारखा तापत नाही. दोन पात्यांमधल्या बारीक फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि खाली उन्हाचे कवडसे तेवढे पडतात. वास्तुशास्त्राच्या कॉलेजात हे शिकवतात की नाही ठाऊक नाही, पण आमच्याकडचा मेढी पुरणारा गडी बोटाने दाखवून सांगे, वारा कुठून येणार ते.

मग सजावट. सजावट हा शब्द आताचा. तेव्हा म्हणत ‘जरा नीटनेटके करा’. जांभ्याच्या गडग्यावरची वाळकी पाने झाडायची, बेड्यापासून ओटीपर्यंतची वाट लोटायची, पायऱ्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे, तुळशीवृंदावनाला नवा रंग. मांडवाच्या पुढच्या दोन मेढींना केळीचे खुंट, वर आंब्याचे टाळ, मधूनमधून कच्च्या सुपाऱ्यांचे शिपटे आणि शहाळ्याची पेंड. यांतले विकत आणलेले काही नाही, सगळे आगरातले. बायकांच्या केसांत आणि गौरीच्या गळ्यात सुरंगीचे वळेसर, कारण सुरंगी नेमकी याच दिवसांत फुलते आणि तिचा वास असा की खळ्यात शिरण्याआधी पाखाडीवरच कळावे, आज कुठे हळदीकुंकू आहे ते. संध्याकाळ लांबणार असेल तर गॅसबत्ती. ती सगळ्यांकडे नसे. ज्यांच्याकडे असे त्यांच्याकडून मागून आणायची, मेंटल मात्र आपले न्यायचे, असा शिरस्ता.

या सगळ्यात खरी महाग वस्तू कोणती होती? पाणी. परमुलखातल्या माणसाला हे पटत नाही. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे पाण्याची टंचाई कसली? पण जांभा दगड हा चाळणीसारखा. पडलेले पाणी धरून ठेवत नाही, आणि सड्यावरच्या वाड्यांतल्या विहिरी एप्रिल उजाडेपर्यंत तळाला जातात. आजही मे महिन्यात जिल्ह्यातल्या कित्येक वाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. अशा दिवसांत खळ्यावर सडा घालायचा, शंभर बायकांना पुरेल एवढे पन्हे करायचे, माठात वाळा टाकून पाणी गार करायचे, पाय धुवायला बेड्याशी घंगाळ भरून ठेवायचे, म्हणजे कोणीतरी पहाटे उठून डोक्यावरून किती कळशा आणल्या असतील याचा हिशेब मांडून पाहा. पाहुण्याच्या हातावर आधी गूळपाणी ठेवायची आपली रीत आहे. त्यात गुळापेक्षा पाण्याचे मोल अधिक होते, असे माझे मत आहे.

उन्हाळ्यातला घरगुती समारंभ म्हटला की आपल्याकडे पहिला मान चैत्रगौरीचा. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत माहेरी राहते. या महिनाभरात सोयीचा एक दिवस, बहुधा मंगळवार किंवा शुक्रवार, धरून हळदीकुंकू करायचे. दारात चैत्रांगण रेखायचे. गौरीपुढे पायऱ्यांची आरास, तिच्यात कलिंगडाची कातरलेली कमळे, मुलांची खेळणी, आरसे, आंब्याचे घोस. येणारीच्या हातावर आंब्याची डाळ, वाटीत किंवा पेल्यात पन्हे, ओटीत भिजवलेले हरभरे. हा बेत इतका सोपा का, याचा विचार केला तर लक्षात येते की तो पूर्णपणे ऋतूतून आलेला आहे. हरभरा नुकताच निघालेला, कैरी झाडावर आणि उन्हाने जीव आंबलेला. डाळ रात्री भिजवून सकाळी जाडसर वाटायची, त्यात किसलेली कैरी, खोबरे, वरून हिंगमोहरीची फोडणी; चूल पेटवायची ती तेवढ्या फोडणीपुरतीच. पन्ह्यासाठी कैऱ्या उकडायच्या किंवा निखाऱ्यात भाजायच्या, गर काढून गुळात कालवायचा, वेलची, चिमूटभर मीठ. शंभर माणसांचे आदरातिथ्य, आणि स्वयंपाकघरात कोणी घामाघूम होऊन पुऱ्या तळत नाही. पुढे यात बटाटेवडा आला, बर्फी आली, आइस्क्रीमही आले. माझा त्यांच्यावर राग नाही, पण एप्रिलच्या दुपारी चार वाजता वडा खाणाऱ्याचे मला कौतुक वाटते.

इथवर सगळे गोड आहे. आता दुसरी बाजू.

आमच्या घरी माझी एक आत्या असे. लहानपणी वैधव्य आलेले, माहेरी राहिलेली. चैत्रगौरीची सगळी आरास तिची. चैत्रांगण ती काढी, आणि असे काढी की शेजारच्या आळीतल्या बायका बघायला येत. डाळ तिने वाटायची, पन्ह्याची चव तिने घ्यायची, कलिंगडाची कमळे तिच्याच हातची. चार वाजले, बेड्याशी पहिली बांगडी वाजली, की आत्या माजघराचे दार ओढून घेई. दिवेलागणीपर्यंत ती बाहेर येत नसे. तिला कोणी ‘आत जा’ म्हटल्याचे मी कधी ऐकले नाही. म्हणायची गरजच नव्हती, ते तिला आणि सगळ्यांना ठाऊक होते. बायका जाताना आईला सांगत, ‘रांगोळी फार सुरेख हो!’ आई म्हणे, ‘वन्संनी काढली.’ आणि विषय तिथे संपे.

म्हणून मांडवाचा इतिहास लिहायचा तर झापा आणि सुंभ सांगून भागत नाही. मांडवाखाली कोण नव्हते, तेही सांगावे लागते.

याच जिल्ह्यातली गोष्ट आहे. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक होते. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी मार्च १८९३ मध्ये पुनर्विवाह केला तो एका विधवेशी, देवरूखच्या जोशांच्या गोदूबाईंशी. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होत्या. नवरा मुलगा मुरुडचा, नवरी देवरूखची, दोघेही आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले. लग्न मात्र पुण्यात करावे लागले, गावच्या मांडवात ते होणे शक्यच नव्हते. लग्नानंतर कर्वे मुरुडला गेले तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावासाठी त्यांनी ‘मुरुड फंड’ उभा केला होता, त्याच गावात त्यांच्यासोबत बसायला माणसे तयार नव्हती, आणि त्याचा जाच मागे राहिलेल्या आईला आणि भावाच्या कुटुंबाला सोसावा लागला. बहिष्कार म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते. दगड मारत नसत. फक्त बोलावणे येत नसे. हळदीकुंकवाचे नाही, मुंजीचे नाही, बारशाचे नाही. गावातल्या प्रत्येक खळ्यात मांडव पडे आणि एका घराच्या बेड्याशी कोणी अक्षता घेऊन येत नसे. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. गोदूबाईंनी, म्हणजे आनंदीबाई कर्व्यांनी, ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात आपली हकिगत लिहून ठेवली आहे. ते पुस्तक रत्नागिरीच्या प्रत्येक घरात असावे असे मला वाटते.

कोणी कोणाकडे काय प्यायले, यावरूनही तेव्हा केवढा गहजब होई, त्याचे प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली होती. व्याख्यानानंतर यजमानांनी चहा-बिस्किटे पुढे केली. काहींनी घेतली, काहींनी पेला नुसता हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी ही नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध करवली आणि ग्रामण्य सुरू झाले. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते आणि आपल्या रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर टिळकही होते. शंकराचार्यांनी चौकशीसाठी आयोग पाठवला, शेवटी प्रायश्चित्तांवर प्रकरण मिटले. एक कप चहा! पाहुणचार हा किती गंभीर राजकीय व्यवहार होता, हे याहून चांगले कशाने कळणार?

आणि जातीच्या उतरंडीत ज्यांना सर्वांत खाली ठेवले होते त्यांचे काय? मेढी पुरणारे हात, झापा विणणारे हात, शेण-माती वाहणारे हात बहुतेक वेळा ज्यांचे असत, त्यांना समारंभाच्या दिवशी मांडवाखाली जागा नव्हती. त्यांचे पान गडग्याबाहेर वाढले जाई, तेही सगळ्यांचे उरकल्यावर.

शेजारच्या महाडला, जे तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते, १९२७ मध्ये काय झाले ते सर्वांना माहीत आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्चमध्ये झाला. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे दुसरी परिषद भरली, तिच्या मांडवाची हकिगत कमी सांगितली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्यकर्त्यांना मांडव घालायला गावात कोणी स्पृश्य हिंदू जागा देईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. दुकानदार माल विकेनात, म्हणून हजारो माणसांच्या जेवणाचे धान्य बाहेरून आणावे लागले. त्या मांडवापुढे २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. मी इतिहासाच्या पुस्तकांत या प्रसंगाविषयी वाचतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आधी मेढी येतात. कोणीतरी त्या जमिनीत खड्डे खणले असतील, झापा बांधल्या असतील, आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतः घातलेल्या मांडवाखाली मधोमध बसले असतील.

रत्नागिरी शहरात याच सुमारास वेगळ्या बाजूने प्रयत्न चालू होते. विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. राजकारणात भाग घेण्याची त्यांना बंदी होती, तेव्हा त्यांनी समाजसुधारणेचे काम हाती घेतले. शाळांतून मुलांना सरमिसळ बसवणे, सहभोजने, आणि आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे स्पृश्य-अस्पृश्य स्त्रियांची एकत्र हळदीकुंकवे. भागोजीशेठ कीर यांनी स्वखर्चाने बांधलेले पतितपावन मंदिर फेब्रुवारी १९३१ मध्ये सर्व हिंदूंसाठी खुले झाले आणि अशा समारंभांना हक्काची जागा मिळाली. १९३३ मध्ये अखिल हिंदू उपाहारगृहही निघाले. आज हळदीकुंकू हा शब्द आपल्याला अगदी निरुपद्रवी वाटतो. पण त्या काळी एका जातीच्या बाईने दुसऱ्या जातीच्या बाईच्या कपाळाला बोट लावायचे, यात किती शतकांची भीती ओलांडायची होती! व्याख्यानाला पुरुष येत आणि टाळ्या वाजवून घरी जात. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला घरी गेल्यावर सासूला तोंड द्यावे लागे. तेव्हा त्यांचे धैर्य मला अधिक मोठे वाटते, आणि त्यांची नावे आपल्याला क्वचितच ठाऊक असतात.

मात्र दोन गोष्टी नमूद केल्या पाहिजेत. एक, हे समारंभ देवळात आणि सार्वजनिक जागी झाले. घरोघरच्या खळ्यांत ते उतरायला पुढची कित्येक वर्षे लागली, आणि काही खळ्यांत ते अजून उतरलेले नाहीत. दुसरी, ‘अखिल हिंदू’ या शब्दातच कुंपण होते. राजिवड्याचा, मिरकरवाड्याचा मुसलमान शेजारी त्या निमंत्रणात नव्हता. खळ्यातली रीत मात्र या बाबतीत कधीकधी सभेच्या पुढे असे. वाडीवरच्या कोकणी मुसलमान घरातून सांदणे यायची, आमच्याकडून फणस जायचा. एकमेकांच्या मांडवात बसणे नसे, ताटांवर रुमाल टाकून देवघेव तेवढी चाले.

आता बोटीकडे वळतो, कारण रत्नागिरीच्या उन्हाळ्याला बोटीशिवाय अर्थ नाही. आपल्याकडचा तरुण मुंबईच्या गिरणीत, गोदीत, नाहीतर कुठल्यातरी कचेरीत. तो येई आगबोटीने. किनाऱ्यावरची ही बोटवाहतूक पावसाळ्यात बंद असे, म्हणून उन्हाळा हाच पाहुण्यांचा हंगाम. परीक्षा संपल्या की बोटीच्या बोटी भरून चाकरमानी, त्यांच्या बायका, मुले आणि वळकट्या. पाच माणसांच्या घरात पंचवीस माणसे. ती राहणार कुठे? मांडवात. रात्री खळ्यात जाजमे पडायची आणि ओळीने निजायचे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहू लागली की पांघरूण ओढून घ्यायचे. दिवसा त्याच मांडवावर आंब्याची साटे, फणसपोळ्या, कोकमाची सोले, पोह्यांचे पापड वाळत असत. पाहुणी म्हणून आलेली मुंबईची वहिनी दुसऱ्या दिवशी पदर खोचून साटे उलटायला बसलेली असे. इथे पाहुणा आणि घरचा हा भेद फार काळ टिकत नसे, याचे कारण प्रेम हे तर होतेच, पण कामही एवढे होते की तो टिकवणे परवडणारे नव्हते. मेअखेर शेवटची बोट. ती चुकली तर घाटातून वळसा घालून जायचे. म्हणून समारंभांची सगळी घाई त्या बोटीच्या आत. हा बोटीचा काळ संपला. एसटी आधीपासून होतीच. पुढे १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि पाहुणा दोन दिवसांसाठीही येऊ लागला.

मधल्या काळात आणखी एक विघ्न आले होते, त्याचा उल्लेख करून पुढे जातो. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरच्या रेशनच्या वर्षांत धान्य, साखर, रॉकेल सगळेच मोजून मिळे. किती पाहुण्यांना जेवू घालायचे यावरही सरकारी बंधने आली होती. डाळ-पन्ह्याचा बेत त्या दिवसांत तरला, कारण गूळ घरचा नाही तरी गावात मिळे आणि कैरीला रेशनकार्ड लागत नसे. पंगती मात्र आक्रसल्या.

मांडव उतरवायची तारीख ठरलेली असे. मृग नक्षत्र सात जूनच्या आसपास लागते, त्याआधी मांडव खाली. वळवाचा एखादा शिडकावा झाला की म्हातारी माणसे आभाळाकडे बघून ‘सोडा रे’ म्हणत. सुंभ सोडून गुंडाळून माळ्यावर, वासे पडवीत आणि झापा? त्यांना तर आता दुसरी नोकरी. पावसाची झड ज्या भिंतीवर येते तिला त्या झापा उभ्या बांधायच्या, लाकडांच्या खोपीवर टाकायच्या. चैत्रात ज्या झापेखाली बायका पन्हे प्यायल्या, तीच श्रावणात मातीची भिंत वाचवत उभी. पुढच्या वर्षी ती कुजून माडाच्या अळ्यात जाई, आणि माड पुन्हा नवी झावळी देई.

आता ते राहिलेले नाही, आणि त्याला कारणे आहेत. माडावर चढणारे पाडेली मिळत नाहीत. झाप विणणारी माणसे म्हातारी झाली. त्यांच्या मुलांनी हे काम करावे असे म्हणण्याचा मला अधिकार नाही, कारण त्या कामाबरोबर जी जागा त्यांना मिळत होती तिच्याविषयी मी मघाशीच बोललो आहे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडकडच्या माड-पोफळींच्या बागा झोपवल्या. पाठोपाठ मे २०२१ मध्ये तौक्ते आले. बऱ्याच घरांपुढे आता पत्र्याची कायमची शेड आहे आणि खाली फरशी किंवा पेव्हर ब्लॉक. सारवण्याचे कष्ट गेले, ज्या बाईला ते करावे लागत होते तिला विचारा, ती म्हणेल, बरे झाले. पण दुपारी चार वाजता त्या पत्र्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून पाहा. मग डेकोरेटरला सांगून पत्र्याखाली कापड लावायचे, कापडाखाली पंखे लावायचे, आणि पंख्यांच्या आवाजात गौरीचे गाणे ऐकू येत नाही म्हणून माइक लावायचा! कुणबी वाड्यांत मे महिन्यात मुंबईचे मंडळ आले की सत्यनारायणाची पूजा आणि रात्री नमन होते, तिथे मात्र अजूनही कधीमधी आंब्याचे टाळ आणि झावळ्यांचा खराखुरा मांडव दिसतो. पाहुण्यांना घरात उतरवून घेणारी काही मंडळीही आता अंगणात झापांचा मांडव मुद्दाम घालतात, कारण शहरातल्या माणसाला तो आवडतो. पैसे मिळतात म्हणून का होईना, विणणाऱ्याला बोलावणे येते. आता तो मजुरी रोख घेतो आणि चहा ओटीवर बसून पितो.

माझ्या आत्याचे राहिले. ती १९८६ मध्ये गेली. त्याआधी पाच-सहा वर्षे, माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात, आईने एक केले. चार वाजायच्या आधी तिने माजघराच्या दाराची कडी बाहेरून लावली, आत कोणाला जाताच येऊ नये म्हणून, आणि आत्याच्या हातात डाळीचे पातेले देऊन तिला खळ्यात बसवले. ‘वाढायला मला माणूस नाही,’ एवढेच म्हणाली. कुंकू लावले नाही, भाषण केले नाही. काही बायका डाळ न घेता गेल्या. बहुतेकींनी घेतली. दुसऱ्या वर्षी त्या न घेणाऱ्यांतल्या दोघी आल्या, एक आलीच नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनीही तसे करावे असे सुचवले. बातमी वाचून मी आमच्या वाडीतल्या बायकांना विचारले, चैत्रात बोलावणे करताना आता कोणाकोणाच्या घरी जाता? एक सून म्हणाली, ‘सगळ्यांच्याच जातो काका. पण जिच्यासाठी जायचे ती स्वतःच म्हणते, मी नाही गं येत, तुझ्या सासूला आवडायचे नाही. मग आम्ही डाळ डब्यात भरून तिच्या घरी नेतो. यंदा म्हटले, डबा नाही मिळणार, खायची तर खळ्यात या.’

त्या वर्षी त्यांच्याकडे खुर्च्या चार कमी पडल्या आणि शेजारून आणाव्या लागल्या.